ट्रकचा पाठलाग आणि पंकोटची पंगत : साहसपट कुठे जिंकतो, कुठे घसरतो

मोठ्या, गाजलेल्या साहसपटांबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. ‘डोकं बाजूला ठेवून बघ, धमाल आहे’ हे एक आणि ‘नुसती मारधाड, त्यात बघायचं काय?’ हे दुसरं. या सिनेमांत विचार करण्याजोगं काही नसतं, हे दोघांनीही धरून चाललेलं असतं. मला ते अजिबात पटत नाही. थिएटरभर माणसांना दोन तास खुर्चीत खिळवून ठेवणं हे सिनेमातल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे. ते कसं जमतं हे नीट पाहिलं, की तोच सिनेमा कुठे आणि का घसरतो हेही दिसायला लागतं. कारण त्याची ताकद आणि त्याचा दोष बहुतेक वेळा एकाच सवयीतून येतात. गोष्ट पळत राहावी म्हणून माणसं, जागा आणि कारणं एका नजरेत ओळखू येतील इतकी सोपी करून टाकायची, ही ती सवय.

हे समजून घ्यायला इंडियाना जोन्सचे सिनेमे फार उपयोगी पडतात. या प्रकारातलं उत्तम काम त्यांत आहे आणि आपल्याला, भारतीय प्रेक्षकांना, थेट बोचणारं कामही त्यांतच आहे. पहिला ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ जून १९८१मध्ये आला. गोष्ट १९३६ सालची. इंडियाना जोन्स हा अमेरिकी प्राध्यापक आणि पुरातत्त्वज्ञ. दहा आज्ञांच्या शिळा ज्या पवित्र पेटीत ठेवल्या होत्या अशी श्रद्धा आहे, ती पेटी नाझींच्या हाती लागण्याआधी शोधायला तो निघतो. कल्पना जॉर्ज लुकासची, दिग्दर्शन स्टीव्हन स्पीलबर्गचं, पटकथा लॉरेन्स कॅस्डनची आणि जोन्सच्या भूमिकेत हॅरिसन फोर्ड. १९३०-४०च्या दशकांत अमेरिकी थिएटरांत दर आठवड्याला एक भाग दाखवणाऱ्या साहसमालिका चालत. प्रत्येक भागाच्या शेवटी नायक मरणाच्या दारात उभा. त्या मालिकांचा दम एका पूर्ण सिनेमात आणायचा, असा बेत होता.

या सिनेमातला ट्रकचा पाठलाग जवळून पाहण्यासारखा आहे. पेटी ट्रकमध्ये चढवून नाझी कैरोकडे निघालेत. पुढे अधिकाऱ्यांची उघडी मोटार, मध्ये पेटीचा ट्रक, मागे सैनिकांची गाडी आणि मोटारसायकल. जोन्स घोड्यावर, एकटा. एवढं सगळं पहिल्या काही सेकंदांत कळतं आणि मग पाठलाग संपेपर्यंत आपण एकदाही गोंधळत नाही. कोण कुठे आहे, ट्रक कोणत्या दिशेने चाललाय, पेटी कोणाच्या ताब्यात आहे, हे सतत माहीत असतं. मग एकेक पायरी. घोड्यावरून ट्रकवर उडी. चालकाला बाहेर फेकणं. मागच्या गाड्यांचा निकाल लावणं. तोवर ट्रकच्या मागच्या भागातले सैनिक दोन्ही बाजूंना लटकत लटकत केबिनकडे सरकायला लागतात, तेव्हा झाडाझुडपांना घासून ट्रक नेत तो त्यांना पाडतो. एक अडचण सुटेपर्यंत दुसरी उभी राहिलेली असते.

मधेच त्याच्या दंडाला गोळी लागते. केबिनमध्ये घुसलेला सैनिक नेमका त्याच जखमेवर ठोसे मारतो. इथे सिनेमाने फार शहाणपणा दाखवलाय, कारण त्यानंतरच्या प्रत्येक हालचालीत तो हात आपल्या लक्षात राहतो. पुढे जोन्स काचेतून थेट ट्रकच्या तोंडासमोर फेकला जातो. बॉनेटवरचं चिन्ह धरतो तर ते तुटून हातात येतं. जाळीच्या पट्ट्या धरतो तर त्या एकेक करून वाकतात. शेवटी तो ट्रकच्या पोटाखाली शिरतो, हातांनी मागे मागे सरकतो, चाबूक अडकवून रस्त्यावरून फरफटत जातो, त्याच चाबकाला धरून पुन्हा चढतो आणि परत केबिनमध्ये येतो. हिशेब केला तर तो जिथून निघाला तिथेच परत आलाय. कथा तसूभरही पुढे गेलेली नाही, तरी आपला श्वास अडकलेला असतो.

ट्रकखालचं काम टेरी लिओनार्ड या स्टंटमनने केलं. त्याला जागा मिळावी म्हणून रस्त्याच्या मधोमध चर खणला होता. याकिमा कनटने १९३९च्या ‘स्टेजकोच’मध्ये धावत्या घोडागाडीखाली असाच स्टंट केला होता, त्याला ही मानवंदना. खरा माणूस, खरा ट्रक, खरी धूळ. पडद्यावर वजन जाणवतं ते त्यामुळे.

यात जमलेली गोष्ट मराठी वाचकाला वेगळी समजावून द्यायची गरज नाही. घोडखिंडीची गोष्ट लहानपणापासून ऐकताना आपण हेच अनुभवलेलं असतं. अरुंद खिंड, अंगावर येणारं सैन्य आणि विशाळगडावरून तोफांचा आवाज येईपर्यंत ती अडवून धरायची. जागा स्पष्ट, हेतू स्पष्ट आणि त्याची किंमत बाजीप्रभूंच्या अंगावर दिसणारी. ऐकणाऱ्याला हे तिन्ही माहीत असलं की त्याला ‘आता घाबर’ असं सांगावं लागत नाही. आजच्या कितीतरी मारामाऱ्यांमध्ये कॅमेरा इतका हलतो आणि शॉट इतके तुटक असतात की कोणी कोणाला मारलं हेच कळत नाही. तिथे वेग असतो, पण ताण नसतो. मायकेल कान या संकलकाला ‘रेडर्स’साठी ऑस्कर मिळालं. हा पाठलाग पाहिला की ते का मिळालं हे लक्षात येतं.

आवाजाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. बेन बर्टने या सिनेमाचे आवाज घडवले. सुरुवातीच्या गुहेत जोन्सच्या मागे गडगडत येणारा प्रचंड गोळा आठवा. तो गोळा फायबरग्लासचा होता. त्याचा आवाज म्हणजे इंजिन बंद करून खडीच्या रस्त्यावरून उतारावर सोडलेली होंडा सिव्हिक. वळवळणाऱ्या सापांचा आवाज चीजच्या गिळगिळीत पदार्थात हात फिरवून काढलेला. डोळ्यांना जी शंका येऊ शकली असती, ती कानांनी आधीच मिटवलेली असते.

साहसपटाची दुसरी मोठी ताकद म्हणजे हातचं राखून ठेवणं. ही शिकवण स्पीलबर्गला नाइलाजाने मिळाली. १९७५चा ‘जॉज’ समुद्रावर प्रत्यक्ष चित्रित होत होता आणि यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत होता. मग शार्क न दाखवता त्याची चाहूल दाखवायची वेळ आली. पाण्यावर सरकत येणारी पिवळी पिंपं, पाण्याखालून वर पाहणारा कॅमेरा आणि जॉन विल्यम्सचे दोन सुर. सिनेमाचा निम्म्याहून अधिक भाग उलटेपर्यंत शार्क धड दिसतच नाही, आणि तोवर प्रेक्षकाने मनात स्वतःचा शार्क तयार केलेला असतो. उन्हाळ्यात एकाच वेळी शेकडो थिएटरांत सिनेमा लावायचा आणि टीव्हीवर जाहिरातींचा मारा करायचा, हा आजचा रिवाजही ‘जॉज’च्या यशानेच पक्का झाला.

१९९३च्या ‘जुरासिक पार्क’मध्येही हीच शिकवण आहे. दोन तासांहून लांब सिनेमात डायनोसॉर दिसतात जेमतेम पंधराएक मिनिटं, आणि त्यातलं संगणकावर घडवलेलं काम त्याच्या निम्म्यापेक्षा कमी. उरलेलं स्टॅन विन्स्टनच्या कारखान्यातल्या प्रत्यक्ष, यांत्रिक प्राण्यांचं. टी-रेक्स येण्याआधी गाडीतल्या ग्लासातलं पाणी थरथरतं. त्यासाठी खालून गिटारची तार लावून ती छेडली होती. तो प्राणी कुंपण तोडून बाहेर येतो तेव्हा पार्श्वसंगीत पूर्ण थांबलेलं असतं. फक्त पाऊस, पत्रा आणि त्याचा श्वास. १९९४मध्ये हा सिनेमा हिंदीत डब होऊन आपल्याकडे आला, तेव्हा इंग्रजीचा गंध नसलेले प्रेक्षकही गर्दीने गेले. त्या प्रसंगात समजायला भाषा लागतच नाही. साहसपट जगभर चालतात त्याचं मोठं कारण हेच.

उलट, सगळं काही दाखवता यायला लागलं तेव्हा हात सैल सुटला. संगणकावर शहर पाडणं शक्य झालं म्हणून शहरं पडू लागली, एकामागून एक. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं आकाशात काहीतरी फाटतंय आणि खाली राखाडी रंगाची फौज धावतेय, असे क्लायमॅक्स इतके पाहून झाले की कोणत्या सिनेमातला कोणता हे सांगता येत नाही. यात तंत्रज्ञांचा दोष नाही. त्यांचं काम बहुतेक वेळा थक्क करणारं असतं. चूक होते ती ‘किती दाखवायचं’ हे ठरवणाऱ्यांची.

आता दुसरी बाजू, आणि तिथे जायला ‘रेडर्स’मधलाच एक प्रसंग वाट दाखवतो. कैरोच्या बाजारात काळ्या कपड्यांतला एक धिप्पाड माणूस गर्दीतून पुढे येतो आणि जोन्ससमोर तलवार गरागरा फिरवतो. जोन्स कंटाळल्यासारखा पिस्तूल काढतो आणि गोळी घालतो. जगभरच्या थिएटरांत इथे हशा पिकला. मुळात चाबूक विरुद्ध तलवार अशी मोठी लढाई ठरली होती आणि टेरी रिचर्ड्स या ब्रिटिश स्टंटमनने तिची तयारीही केली होती. पण ट्युनिशियातल्या त्या चित्रीकरणात फोर्डला जुलाबांनी बेजार केलं होतं, म्हणून प्रसंग असा आटोपला. पात्राचा स्वभाव इतक्या कमी वेळात सांगणारं दृश्य क्वचितच सापडेल. पण त्याच दृश्यात एक माणूस विनोदासाठी मरतो आणि त्याला नाव नाही. त्याला तलवार कोणी दिली, तो कोणासाठी लढतोय, हे सिनेमाला सांगायचंच नाही. भोवतीच्या गर्दीचं कामही तेवढंच: आधी रस्ता अडवायचा, मग जल्लोष करायचा. दृश्याचा वेग आणि त्या माणसाची किंमत शून्य होणं या दोन गोष्टी इथे एकाच कात्रीने कापलेल्या आहेत.

पुढचा सिनेमा भारतात घडतो. १९८४चा ‘इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम’. मायापूर नावाच्या काल्पनिक गावातला पवित्र पाषाण आणि सगळी मुलं पळवून नेली आहेत. पंकोटच्या राजवाड्याखाली ठगांचा पंथ मुलांकडून खाणकाम करून घेतोय, कालीसमोर माणसं बळी देतोय. पटकथा वाचून भारत सरकारने बदल मागितले. निर्मात्यांनी ते मान्य केले नाहीत आणि चित्रीकरण श्रीलंकेत कँडीजवळ हलवलं. नंतर भारतात काही काळ सिनेमावर बंदीही होती. मला बंदी पटत नाही. पण आक्षेप काय होता हे शांतपणे समजून घ्यायला हवं, कारण ‘भावना दुखावल्या’ एवढ्यावर तो संपत नाही.

राजवाड्यातली पंगत घ्या. पानात येतात मोठ्या सापाचं पोट फाडून बाहेर पडणारी जिवंत पिल्लं, मोठाले किडे, डोळे तरंगणारं सूप आणि शेवटी माकडाचा थंडगार मेंदू. राजवाड्यातले हिंदू पाहुणे हे चवीने खातायत. या देशात कोणत्याही राजघराण्यात अशी पंगत बसत नव्हती हे सांगायला अभ्यासक लागत नाही. मुख्य म्हणजे कथेला या प्रसंगाची काहीच गरज नाही. राजवाड्यात काहीतरी काळंबेरं आहे हे पंकोट संस्थानचा पंतप्रधान छत्तर लाल याच्या गुळगुळीत बोलण्यातून कळतंच आहे, आणि रोशन सेठनी ते काम झकास केलंय. पंगत आहे ती फक्त किळस यावी आणि हसू यावं म्हणून. हा सिनेमा लाखो लोकांनी पाहिला आणि त्यातल्या अनेकांसाठी भारताशी झालेली ती पहिली ओळख होती. परदेशात वाढलेल्या भारतीय मुलांना शाळेच्या डब्यावरून जी चिडवाचिडवी सोसावी लागली, तिच्यात या पंगतीचा उल्लेख वारंवार येतो.

ठगांचंही तसंच. वाटसरूंना विश्वासात घेऊन गळा आवळणाऱ्या टोळ्या होत्या आणि १८३०च्या दशकात विल्यम स्लीमनच्या पुढाकाराने इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम चालवली. त्या मोहिमेच्या नोंदींत किती सत्य आणि किती इंग्रजांची रंगवणूक, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. पण सिनेमात दाखवलंय तसं हाताने काळीज उपटून काढणं त्यात कुठेच नाही. काली म्हणजे सैतानी शक्ती, हे समीकरणही तिची पूजा करणाऱ्या कोट्यवधी लोकांना अनोळखी आहे. आणि सिनेमाच्या शेवटी तुटक्या पुलापाशी भारतीयांना वाचवायला येते कोण? ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखालची पलटण.

तरीही या सिनेमात अमरीश पुरी आहेत. ठगांचा म्होरक्या मोला राम याची भूमिका त्यांनी यत्किंचितही हलक्यात घेतलेली नाही. सत्यदेव दुब्यांसोबत मुंबईच्या रंगभूमीवर घडलेला आणि श्याम बेनेगलांच्या सिनेमांत तावून सुलाखून निघालेला हा नट. आवाज, डोळे आणि नुसतं उभं राहणं यांतून त्यांनी त्या पुठ्ठ्याच्या खलनायकात भीती भरली. या भूमिकेसाठी त्यांनी डोक्याचा गोटा केला आणि ते रूप पुढे त्यांची ओळख बनलं. त्याच सिनेमातला खाणीतल्या गाड्यांचा पाठलागही अप्रतिम आहे. त्याचा बराच भाग लहान प्रतिकृतींवर केला. बोगद्याच्या भिंती रंगवलेल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या, आणि बोगदा छोटा ठेवता यावा म्हणून चित्रीकरणाला बदल करून घेतलेला निकॉनचा फोटोचा कॅमेरा. एवढी कल्पकता असणाऱ्या लोकांनी पंगतीच्या वेळी मात्र हाताला लागलेली पहिली कल्पना उचलली, याचं मला आजही वाईट वाटतं. प्रेक्षकाला दोन सेकंदांत कळावं म्हणून सोपं करणं या प्रकारात अटळ आहे. पण सोपं करताना नेहमी दुसऱ्याच्याच देशाला पुठ्ठ्याचं करायचं, हे अटळ नाही.

अमेरिकेत वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. लहान मुलांनी एवढी हिंसा पाहावी का? त्या वादातून जुलै १९८४मध्ये तिथे पीजी-१३ हे नवं, तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र सुरू झालं. स्पीलबर्गनेही पुढे या सिनेमाबद्दल नाराजी बोलून दाखवली, पण तिचा रोख मुख्यतः त्यातल्या काळोखावर होता.

स्त्री पात्रांचं गणितही याच सवयीने बिघडतं. ‘रेडर्स’मधली मॅरियन पहिल्यांदा दिसते ती नेपाळमधल्या स्वतःच्या गुत्त्यात, दारू पिण्याच्या पैजेत एका दांडग्याला हरवताना. पुढे मात्र तिला टोपलीतून पळवून नेलं जातं, खांबाला बांधलं जातं, विहिरीत ढकललं जातं. नायकाला धावायला कारण हवं म्हणून तिला पुन्हा पुन्हा अडकावं लागतं.

‘रेडर्स’वर आणखी एक टीका नेहमी होते: जोन्स नसता तरी शेवट तोच झाला असता. नाझींनी पेटी उघडली असती आणि ते भस्म झालेच असते. बरंचसं खरं आहे हे. नायकाच्या धडपडीने निकाल बदलत नाही, ही कथेतली फट आहे. पण शेवटच्या प्रसंगात जोन्स मॅरियनला डोळे मिट म्हणतो आणि स्वतःही मिटतो. सिनेमाभर जो माणूस प्रत्येक वस्तू हस्तगत करायला धावलाय, तो जगातली सगळ्यात मोठी वस्तू उघडत असताना तिच्याकडे बघायचं नाकारतो. निकाल बदलत नसला तरी माणूस बदललाय. या बदलाला सिनेमा जेमतेम काही क्षण देतो, आणि अशा सिनेमांत मनापासून भिडणाऱ्या जागा इतक्याच छोट्या असतात. त्या शोधाव्या लागतात.

पैशाचा मुद्दा रूक्ष वाटेल, पण बाकीच्या अनेक गोष्टी त्यातूनच उलगडतात. ‘रेडर्स’ सुमारे २ कोटी डॉलरांत झाला आणि त्याने जगभरात पुनर्प्रदर्शनं धरून ३९ कोटींच्या आसपास कमावले. याच मालिकेतला पाचवा, २०२३चा सिनेमा निदान ३० कोटी डॉलरांच्या घरातला होता आणि त्याची जगभरची तिकीटविक्री झाली ३८ कोटींच्या आसपास. यातला जवळपास निम्मा पैसा थिएटरवाल्यांकडे जातो आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच. म्हणजे तो तोट्यात गेला. एकाच सिनेमावर इतका पैसा लागला, की कोणालाही धोका नको असतो. म्हणून ओळखीचं नाव, ओळखीचा नायक, पुढच्या भागाची सोय. नायक मरणार नाही हे प्रेक्षकाला तिकीट काढतानाच माहीत असतं, मग त्याच्या दंडाला गोळी लागली तरी ती आपल्याला लागत नाही. १९८१च्या जोन्सला कोणी ओळखत नव्हतं, आणि ट्रकखाली तो फरफटत गेला तेव्हा काहीही होऊ शकलं असतं.

ही सगळी दुखणी फक्त हॉलिवूडची आहेत असं मात्र मानू नये. २०१५च्या ‘बाहुबली’तलं शेवटचं युद्ध स्पष्टतेच्या बाबतीत मला फार आवडतं. व्यूह आधी आखून दाखवतात, मग तो मोडताना दाखवतात. शत्रूवर मोठाली कापडं फेकून ती पेटवण्याची युक्ती सुचते कशी आणि फळते कशी, हे आपल्याला पायरीपायरीने कळतं. रणधुमाळीत प्रेक्षक हरवत नाही. पण समोरचे कालकेय बघा. काळे रंगवलेले, दात विचकणारे, चित्कारणारे, सगळे एकसारखे. पंकोटच्या पंगतीवर चिडणारे आपण त्यांच्या कत्तलीवर शिट्ट्या मारल्या. त्यांच्यासाठी मदन कार्कींनी किलिकी नावाची खास भाषा घडवली, तिला स्वतःचे शब्द आणि नियम दिले. ती बोलणाऱ्या एकाही कालकेयाला मात्र सिनेमाने घर, गाव किंवा लढण्याचं कारण दिलेलं नाही.